आमच्या वेबसाइटचं सोंग

आमच्या चारकोपात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. (दोघे जन्मलेत, पण एक माझी बायको आणि दुसरा मी स्वतः, म्हणून ते धरत नाही.) शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर थकले म्हणून संपली. पण खोड्यांमध्ये मी डबल ग्रॅज्युएट. गिरणीत मुकादमाच्या डब्यातला तळलेला बांगडा काढून तिथे चपलेचा पट्टा ठेवणारा मीच. कुणी सांगेपर्यंत त्याने अर्धा खाल्ला होता.

नलिनी, म्हणजे आमची मंडळी, मालवणी मसाला करून विकते. आमची सून श्रुतिका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तिने सासूच्या मसाल्याची वेबसाइट काढून दिली. सणासुदीच्या शुभेच्छा टाकायचं खातं माझ्याकडे, त्यामुळे पासवर्डही माझ्याकडे. तिथे एक दिवस मला रिडायरेक्ट नावाची चौकट सापडली.

"बाबा, त्यात दुसरा पत्ता टाकला की आपल्याकडे आलेलं गिऱ्हाईक आपोआप तिकडे जातं," श्रुतिका म्हणाली. "हात लावू नका."

आता मला हात लावू नको म्हणणं म्हणजे मांजराला मासे राखायला बसवणं.

तेवढ्यात शिमगा आला. गावी सोंगं निघतात, घरोघर नाचतात. इथे गच्चीवर होळी पेटवायची तरी सेक्रेटरीची परवानगी. म्हटलं, यंदा वेबसाइटचंच सोंग काढू. माझी धाकटी बहीण शुभा मुलुंडला असते. तीपण मसाला विकते. आमच्या आईच्या हातचा खरा मसाला कुणाकडे आला, लेकीकडे की सुनेकडे, यावरून नणंद-भावजय वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी त्या चौकटीत शुभाच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. नलिनी आपलं पान उघडणार, समोर नणंदेचा फोटो, ती बोंब मारणार, मी पोट धरून हसणार, आणि मग सगळं होतं तसं करणार.

पण नलिनीने पान उघडलंच नाही. "माझा मसाला मी फोनात कशाला बघू? बरणीत आहे," म्हणाली. मी दोन दिवस वाट बघितली आणि विसरून गेलो. (तुम्ही विसरू नका.)

एप्रिल लागला, मसाल्याचा सीझन. नलिनीने बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची पोती आणून गच्चीवर वाळत घातली. मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावला. आणि ऑर्डरीच येईनात. दरवर्षी फोन ठेवायला फुरसत नसायची, यंदा फोन आला तो पण रॉंग नंबर. पावसाआधी मसाला कुटला नाही तर मिरची सादळणार, बुरशी धरणार. नलिनी मला टोमणेसुद्धा मारीना. तेव्हा मी खरा घाबरलो.

श्रुतिकाने ऑफिसातून फोन केला. "आई, गूगलवर आपण दिसतच नाही. शुभाआत्या पहिल्या नंबरावर आहेत."

नलिनी उठून गच्चीवर मिरच्या उलथायला गेली.

माझं डोकं फिरलं. बहीण झाली म्हणून काय झालं? मी गूगलमध्ये मालवणी मसाला शोधलं आणि शुभाच्या नावावर बोट दाबलं. बघतो तर काय, मसाला नाही, मिरची नाही. एक बाई. कपडे बेताचे, हातात पत्ते, आणि खाली लिहिलेलं, आत्ता खेळा.

मी खुर्चीतच गार पडलो. नेमकी मागे नलिनी.

"काय बघताय?"

"शुभाचा मसाला."

"ही शुभाताई?"

"अगं, शुभाच्या नावावर दाबलं की ही येते."

नलिनीने चष्मा लावला. "मुलुंडला जाऊन जुगार लावला यांनी? भाऊजींना ठाऊक आहे?"

श्रुतिकाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, त्यांची साइट हॅक झालीय. आधी आत्याला कळवा. आणि कुणाला पाठवू नका."

कळवायचं राहिलं. पाठवायचं तेवढं झालं. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा ग्रुप आहे, कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत सगळा गाव त्यात. मी शुभाच्या पानाची लिंक टाकली आणि वर लिहिलं, 'आमच्या भगिनीचा नवा उद्योग. स्वतः उघडून बघा, डोळे निवतील.'

चहा ओतून घेतला आणि गंमत बघत बसलो.

पहिला निरोप मंडळाच्या नानांचा. 'दशरथा, भयणीक पुढे केलंस, बरा केलंस. माका दोन किलो होयो.'

दोन किलो काय? ती बाई?

मग मंडळातल्याच यज्ञेशचा. 'काका, पान झकास आहे. ऑर्डर टाकली.' मग गोवंडीचा दादू, माझा सख्खा मेव्हणा, नलिनीचा भाऊ. त्याने तीन किलो सांगितला, वर मला मोठ्या मनाचा म्हणाला. चहा गार झाला तरी ऑर्डरी थांबेनात. मी पुन्हा गूगलमधून उघडलं. बाई जागेवर. पत्ते जागेवर. मग हे लोक मसाला घेतायत कुठून?

संध्याकाळी श्रुतिका आली. डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, हॅक करणारे हुशार असतात. स्टेशनबाहेर दलाल उभा असतो ना, तसं. गूगलकडून येणाऱ्यालाच ते पकडून नेतात. तुमच्या लिंकवरून जाणारा मागच्या दाराने सरळ दुकानात शिरतो."

"म्हणजे मी..."

"तुम्ही आत्याची जाहिरात केलीत. पण आपण गूगलवरून गेलो कुठे, ते बघते आता."

तिने आमच्या वेबसाइटचा पत्ता टाइप केला. नलिनी शेजारी टेकली. पान उघडलं. शुभा. हसरी, हातात मसाल्याची बरणी.

इतक्या दिवसांनी माझं सोंग अंगणात आलं. नलिनीने बोंब मारली नाही. फक्त चष्मा काढून पदराने पुसला.

"आई, हे हॅक नाही," श्रुतिका हळूच म्हणाली. "कुणीतरी आपल्या खात्यातून, हाताने केलंय. शिमग्याच्या दिवशी. गूगलला वाटलं, आपण दुकान बंद करून आत्याकडे गेलो. आपलं गिऱ्हाईक सगळं तिकडे."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. (पंख्यावर धूळ फार होती.)

तेवढ्यात माझा फोन वाजला. शुभा. श्रुतिकाने स्पीकर लावला.

"दादा, काय करून ठेवलंस? अख्खा गाव मसाला मागतोय, आणि माझ्याकडे मूठभर मिरची. वहिनीकडे आहे का रे? तिला विचारायला तोंड नाही माझं."

नलिनी फोनजवळ सरकली. "विचारायचं काय त्यात, शुभाताई? गच्ची भरून आहे. इकडेच या. दोघी मिळून कुटू."

मला एकदम हुरूप आला. "बघ, शेवटी माझ्या सोंगानेच नणंद-भावजय एक झाल्या की नाही?"

फोनमधून शुभा म्हणाली, "पण वहिनी, एवढ्या मिरच्यांचे देठ काढणार कोण?"

नलिनीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"आहे एक माणूस आमच्याकडे. शिकलेला कमी आहे, पण रिकामा आहे. आणि हातांची आग झाली की फोनला बोट लावत नाही."