उबेला धरतं, गारव्याला सोडतं

भर मे महिन्यात मुलुंडमध्ये माणूस घरात स्वेटर आणि कानटोपी घालून बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या समोरच्या दारातले परबकाका. एसी दिवसरात्र चालू. त्याचं पाणी खालच्या कुलकर्ण्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, कुलकर्णी वर येऊन बोंब मारायचे आणि काका शांतपणे म्हणायचे, "कपडे वाळतील हो! माझी बाटली गरमीनं घट्ट झाली तर?" गरमीनं पातळ होतं, घट्ट कसं होईल, ह्या विचारात कुलकर्णी जिना उतरायचे.

दुसरी खूण म्हणजे काकांचे हात. उजव्यावर अस्वलासारखे केस आणि डावा सोललेल्या कोंबडीसारखा. जे जे बनवायचे ते आधी डाव्या हाताला चिकटवून, ओढून बघायचे.

काकांचा अख्खा जन्म अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, डिंक आणि जेल बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. निवृत्त झाले तरी जुन्या सहकाऱ्याच्या कृपेने तिथलं एक टेबल सुटलं नव्हतं. माझ्याशी बोलणं सुरू व्हायचं ते एकाच शब्दानं. "रचना बघ शुभा, रचना! माल तोच असतो, गुण रचनेचा." जेल म्हणजे रेणूंच्या लांबलांब साखळ्या, आणि माणसांनाही तोच न्याय. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे सरळ साखळी, जरा ताप दिला की वाहून जातो. माझ्या सासूबाईंच्या साखळीत गाठी जास्त. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही, मला त्याच घरात राहायचंय.

पण हा सगळा खटाटोप होता नलूकाकूंसाठी. काकांची बायको. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली, पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. रोज सकाळी पट्टी बदलायची. मी धरायला जायचे आणि रोज वाटायचं, झक मारली नि आले. जखमेला चिकटलेली पट्टी ओढली की काकूंच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. आवाज नाही. काका विचारायचे, "दुखता काय गो?" आणि तोंड फिरवायचे.

त्यांना ओढावी न लागणारी पट्टी हवी होती. बस्स, एवढंच. गार असताना पातळ, जखमेत नीट उतरेल असं. अंगाच्या उबेनं घट्ट होऊन धरून बसेल असं. आणि काढताना वरून गार पाणी ओतलं की आपोआप सुटेल असं.

पहिली बाटली फुकट गेली. सगळं जेल चादरीवर. "सरळ साखळ्या! शिजलेल्या शेवयांसारख्या घसरल्या." मग साखळ्या एकमेकींना गाठी मारून बांधल्या, तर जेल असं आवळून बसलं की गार पाण्यालाही दाद देईना. डाव्या हातावरचे शेवटचे केस तेव्हा गेले. मग गाठी कमी केल्या आणि प्रत्येक साखळीला मोकळ्या फांद्या लावल्या. "फांद्या मोकळ्या असल्या की पाणी पटकन पितात, पटकन सोडतात," काका म्हणाले. त्यांचा फ्रिज भरला म्हणून ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये आली.

आमच्या ह्यांनी ती लिंबू सरबत समजून तोंडाला लावली! तोंडातल्या उबेनं जेल टाळूला जे बसलं, नवरा मुका. माझ्या संसारातली तेवढीच शांतता. काका धावत आले, बर्फाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, आणि सगळं सुटलं. "ओढल्यासारखं झालं? जरासुद्धा नाही? नक्की?" काकांनी ह्यांचे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते म्हाताऱ्याचे.

घरी येणाऱ्या डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावा. आता त्यानं काही बिघडणार नाही." तो 'आता' ऐकून काकांनी बाटली परत घेतली आणि पुसत बसले. संध्याकाळी काकूंना कुशीवर वळवून आम्ही जेल लावलं. उबेनं धरलं, मस्त बसलं. "उद्या सकाळी काढू," काका म्हणाले.

सकाळी बेल वाजली. काका दारात, स्वेटर उलटा. "शुभा, जमलं. पाणीसुद्धा ओतावं लागलं नाही. आपोआप सुटलं."

"झकास!" मी म्हटलं. काका वळून गेले. मी गॅसवर दूध ठेवलं आणि मग लक्षात आलं. पाणी न ओतता सुटलं? गार झाल्याशिवाय ते सुटत नाही. दूध तसंच टाकून मी धावले.

काकू कुशीवर होत्या. काका मऊ फडक्यानं त्यांची पाठ टिपत होते.

"काका, काकू..."

"माहीत आहे गं." त्यांनी मान वर केली नाही. "हात लावायच्या आधीच कळलं मला. बनवलंय कुणी ते?"

"मग मघाशी दारात असं का..."

"कुणाला तरी सांगायचं होतं. ओढावं लागलं नाही, एवढंच."

मला रडू आवरेना. काका पुसत राहिले, हळूहळू, जखमेच्या कडेकडेनं, आता दुखायचं काही उरलं नव्हतं तरी. मग फडकं पिळून म्हणाले, "जरा खांद्याला धर तिला. ही बाजू ओली राहिलीय."