पुंजारामांचा नादमणी

नव्या स्पीकरवर स्वतःचंच गाणं ऐकून पुंजाराम म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय."

"अहो, स्पीकरला कुठं बेअरिंग असतं?" मेथी निवडता निवडता लताबाई म्हणाल्या.

नसतं, हे पुंजारामांनाही ठाऊक होतं. पण एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी बत्तीस वर्षं टर्बाइनपाशी काढली होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं दुखणं कळायचं. आताही ते कमरेएवढ्या काळ्या खोक्यापुढे तसेच वाकून बसले होते.

नादमणी कंपनीवर त्यांची भक्ती तीस वर्षांची. कुणाचं लग्न ठरलं, की नवरीचं नाव विचारायच्या आधी ते विचारत, "आहेरात स्पीकर कुठला देताय?" घरात नादमणीच्याच जुन्या स्पीकरची लाकडी पेटी होती. जयंतीच्या कार्यक्रमात पुंजारामांनी तरुणपणी गायलेलं गीत त्या पेटीवर श्रीखंडासारखं ओघळत यायचं. मोठ्या हौसेने त्यांनी कंपनीचा सर्वांत भारी स्पीकर घेतला आणि रविवारी ते गीत ऐकायला शिफ्टमधल्या सहा जणांना बोलावलं. आणि आता हे. वरच्या पट्टीत तर कुणीतरी पत्रा कापतंय असंच वाटत होतं.

बुधवारी त्यांनी खोक्याखाली विटा लावल्या. गुरुवारी मागे गोधडी टांगली. शुक्रवारी विजेची घरघर येते म्हणून दिवसभर फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, पत्रा कापायचा थांबला नाही. शनिवारी त्यांनी कंपनीला फोन लावला.

"सर, दुसरं एखादं गाणं लावून पाहिलंत का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"दुसरं कशाला लावू?" असं म्हणून पुंजारामांनी फोन ठेवला. "उद्या ती सहा माणसं येणार. तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, स्पीकर म्हणजे नादमणी! आता काय तोंड दाखवू?"

शेवटी देवळालीहून इनायतला बोलावलं. जुन्या पेटीची दुरुस्ती पहिल्यापासून तोच करायचा. त्याने आपल्या मोबाइलवरची एक कव्वाली लावली. टाळ्या जणू शेजारच्या खोलीतच पडत होत्या. मग पुंजारामांचं गीत लावलं. इनायतने आवाज हळूच कमी केला.

"दादा, स्पीकर एकदम ओके आहे."

"मग पेटीवर गोड कसं लागतं?"

इनायतने लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी मेथीकडे पाहिलं.

"सांग की रे!"

"दादा, खालच्या सुराला आत मोठा स्पीकर असतो, वरच्या सुराला छोटा. तुमच्या पेटीतल्या छोट्याची तार शहाण्णव साली मीच काढली. वहिनी बोलल्या होत्या."

लताबाईंनी मेथी बाजूला ठेवली.

"रोज सकाळी लावायचात तुम्ही," लताबाई म्हणाल्या. "मलाही इथंच राहायचं होतं. बंद करा म्हणाले असते, तर तुम्ही पुन्हा गायला नसता. म्हणून इनायतभाऊंना म्हटलं, जरा मऊ करा."

पुंजारामांनी मुठीतल्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. मग त्यांनी तो इनायतपुढे धरला.

"याचीही काढ."

"दादा, एवढा भारी माल! गॅरंटी जाईल."

"काढ म्हणतो ना. माणसं उद्या अकराला येणारेत."

रविवारी सहा जणांनी डोळे मिटून गीत ऐकलं. त्यांच्यातला नवनाथ तर शेवटी डोळे पुसत म्हणाला, "पुंजाराम, काय गोड आवाज रे तुझा!"

"आवाजाचं काय घेऊन बसलास," पुंजाराम खोक्यावर थाप मारत म्हणाले. "स्पीकर बघ. शेवटी नादमणी तो नादमणी."

लताबाईंनी सगळ्यांना, आणि मुद्दाम बोलावलेल्या इनायतलाही, चहा दिला. इनायतच्या कपाखाली तेवढी बशी होती, आणि बशीत चार बिस्किटं.