बरण्यांमागचा व्हॉल्व्ह

पाणी कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही आणि सुसंस्कृत माणूस परवानगीशिवाय पाणी बंद करत नाही. प्लेवेन शहरातल्या सतरा नंबरच्या इमारतीत अशी बत्तीस सुसंस्कृत कुटुंबं राहत होती.

शनिवारी सकाळी सव्वानऊला चौथ्या मजल्यावरच्या वेलिचकाबाईंच्या न्हाणीघरात भिंतीतला पाइप फुटला. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. नद्यांचे उगम त्यांनी एकतीस वर्षं शिकवले, पण इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. त्यांनी भोकात टॉवेल कोंबला, त्यावर उशी दाबली. पाणी उशीसकट बाहेर आलं आणि बैठकीच्या खोलीकडे निघालं. तिथली ओकच्या लाकडी पट्ट्यांची जमीन त्यांच्या नवऱ्याने, स्तोइलने, दोन उन्हाळे गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातांनी बसवली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात तो गेला. (गुडघे शेवटपर्यंत कुरकुरत होते.) त्या घरात बाईंनी जीव लावावा असं तेवढंच उरलं होतं.

"थांब रे स्तोइल, आलेच!" असं जमिनीला सांगून त्या अनवाणीच तळघराकडे धावल्या.

मुख्य व्हॉल्व्ह तळघरात होता. म्हणजे नकाशात होता. प्रत्यक्षात तिथे सातव्या मजल्यावरच्या स्पासकाबाईंच्या बरण्या होत्या: भाजलेल्या लाल मिरच्यांची ल्युतेनित्सा चटणी, आंबवलेल्या काकड्या, जर्दाळूचा मुरांबा. एकूण चारशे अठरा, खालपासून छतापर्यंत. यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. बरण्या तळघरात ठेवू देणारा ठराव क्रमांक चौदा सर्वानुमते मंजूर होता आणि 'व्हॉल्व्ह कायम हाताशी राहील' हे वाक्य त्यात खाली रेघ मारून लिहिलेलं होतं. हात किती लांब असावा, याचा उल्लेख नव्हता.

इमारतीचे व्यवस्थापक गेन्चोभाऊ सपाता फटफटवत आले. काखेत इतिवृत्ताची वही.

"भाऊ, उचला हो त्या बरण्या! पाणी बैठकीत शिरलंय!"

"उचलू की बाई. पण मालकीण समोर हवी. उद्या एखादी फुटली तर बोंब माझ्या नावाने."

मालकिणीला बोलावणं गेलं. लिफ्ट बंद होती (ठराव क्रमांक नऊ), त्यामुळे स्पासकाबाई सात मजले सावकाश, भिंत धरधरून उतरल्या.

"कुणी हात लावायचा नाही! वर्षवार लावल्यात मी," त्यांनी बजावलं. "सांगते तशाच उचला. आधी गेल्या सालच्या काकड्या. अगं वेलिचका, पोटाशी धर ना नीट! हात ओले कशाने झाले तुझे?"

मिनिटाला सात या वेगाने तासाभरात व्हॉल्व्ह दिसायला हवा होता. दोन तास लागले, कारण मधेच एका बरणीचं झाकण फुगलेलं निघालं आणि ती बिघडली आहे की नाही यावर मतभेद झाले. (चाखून पाहिली. बिघडली नव्हती.) दरम्यान, तिसऱ्या मजल्याच्या छताने सभेची वाट न पाहता खाली यायचा निर्णय घेतला.

अखेर व्हॉल्व्ह फिरला. वेलिचकाबाई वर गेल्या तर स्तोइलची जमीन मधोमध उंटाच्या पाठीसारखी फुगून वर आली होती. बाई तिच्यावरच बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून रविवारी सभा भरली. वेलिचकाबाई तावातावाने उठल्या.

"हा चौदा नंबरचा ठराव कुठल्या दीडशहाण्याने मांडला, ते मला कळू दे एकदा!"

गेन्चोभाऊंनी वही उघडली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सूचक, वेलिचका, चौथा मजला. अनुमोदक, स्तोइल, चौथा मजला. अट: दर शरदात प्रत्येक घरी एक बरणी."

बाई मटकन खाली बसल्या. स्तोइलला जर्दाळूचा मुरांबा भारी आवडायचा.

तेवढ्यात स्पासकाबाईंनी पाव आणि ल्युतेनित्साचं ताट फिरवलं. बरण्या मूळ जागी ठेवण्याचा ठराव क्रमांक बावीस मतास टाकण्यात आला. (यावेळी 'हाताशी'खाली दोन रेघा.) विरोधात कोणीच बोललं नाही, सगळ्यांच्या तोंडात घास होता. वेलिचकाबाईंच्या एका हातात पाव होता. दुसरा वर गेला.

आता तुम्हाला हसू येतंय. खुशाल हसा. फक्त हसून झालं की एवढं सांगा, तुमच्या इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? आणि त्याच्यापुढे तुमची ती जुनी सायकल कधीपासून उभी आहे?