मोबाईलपुढचा चहा

आमच्या नळदुर्गात गुरप्पा अण्णांच्या दुकानात डोकावलात, तर गादीवर लोडाला टेकवलेला एक मोबाईल दिसंल आणि त्याच्यापुढं कपबशीत वाफाळता चहा. हसू नका. मोबाईलमध्ये गिऱ्हाईक बसलेलं असतं.

अण्णांचं इरकल साड्यांचं दुकान माझ्या घरासमोरच. मी ओट्यावर निवडत-पाखडत बसते, म्हणून त्यांचं सगळं मला दिसतं आणि माझं सगळं त्यांना ऐकू जातं. पूर्वी त्या गादीवर बायका मावायच्या न्हाईत. आता साड्या बघायच्या त्या मोबाईलवरच. तेव्हा त्यांचा पुण्याचा लेक महेश म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत ऑनलाइन विकून बघा. नाही जमलं तर शटर ओढा आणि माझ्याकडं चला." आता पुण्याचं नुसतं नाव काढलं, तरी अण्णांना बारीक ताप येतो. मग काय, लागले कामाला.

महेश नोकरीतही हेच ऑनलाइन विकायचं काम करतो. त्यानं फोनवर शिकवणी घेतली. रील टाका, लोक बघतील. विचारलं की लगेच दर कळवा. जास्त बोलू नका, गिऱ्हाईक पुढं सरकतं. अण्णांनी सगळ्याला मान हलवली आणि मला येऊन म्हणाले, "पोरगं हुशार हाय आक्का. पन उभ्या उभ्या कुनी इरकल घेतंय व्हय? आधी मानूस बसलं पायजे."

झालं. कुणी नुसतं 'प्राइस?' लिहिलं, की अण्णांचा थेट व्हिडिओ कॉल. "बर्री, कुंद्री!" म्हणजे कानडीत या, बसा. पलीकडची बाई नाशिकची असो की नागपूरची, आधी दचकतेच. मग तिच्यापुढं पाणी, मग चहा, मग "घ्या की, निवंल." एक बाई रिक्षात होती. म्हणाली, "काका, मला फक्त किंमत सांगा." अण्णा म्हणाले, "उतरा, मग सांगतो. रिक्षात रंग कळत न्हाय."

कॉल संपला की गिऱ्हाइकाचा चहा अण्णाच पितात, वाया कशाला घालवायचा म्हणून. धंदा वाढला किती ते देव जाणे, पित्त मात्र लई वाढलं.

साडीचा पदर दाखवायचं काम पूर्वी शांतावहिनींचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं. त्या गेल्यापासून अण्णाच पांढऱ्या मिशांवर, टोपीवरून पदर घेतात. आणि कुणासाठी घेताय, हे कळल्याशिवाय दर म्हणून सांगायचे न्हाईत. एकीनं सासूसाठी भारी काठाची साडी निवडली, तर म्हणाले, "गुडघं दुखतात का त्यांचं? मग हे जड पडंल. सुती घ्या."

मी ओट्यावरून ओरडले, "अण्णा, चालून आलेलं गिऱ्हाईक हलक्यावर घालवताय!"

"भारी घेऊन पेटीत ठिवलं, तर त्या माऊलीला माझं दुकान कशाला आठवंल?"

दिवाळी तोंडावर आली. मी करंज्या द्यायला दुकानात गेले, तेवढ्यात महेशचा फोन. तो नेहमी चालता चालता बोलतो, मागं हॉर्न वाजत असतात. "बाबा, बघितलं मी सगळं. बघणारे ढीगभर, घेणारे मूठभर. एकेकीला अर्धा तास बसवल्यावर दुसरं काय होणार? बास झालं आता. शनिवारी येतो तुम्हाला न्यायला."

अण्णांनी फोन लोडाला टेकवला, व्हिडिओ लावला, थर्मासमधला चहा ओतून पुढं ठेवला.

"बर्री, कुंद्री."

"बाबा, मी महेश आहे!"

"वळखलं की. कुंद्री."

"अहो, मी पार्किंगमध्ये उभा आहे."

"मग तिथंच बस कुठंतरी. तुझी आई गेल्यापासनं तू बसून बोललाच न्हाईस."

हॉर्न थांबले. पोरगं कुठल्यातरी पायरीवर टेकलं असावं. अण्णांनी हिरवी इरकल उलगडली आणि पदर आपल्या डोक्यावर घेतला. महेश म्हणाला, "आई असं नाही दाखवायची, बाबा. पदर ती समोरच्या बाईच्या खांद्यावर टाकायची. अंगावर घेऊन बघ म्हणायची."

"व्हय रं. तसंच करायची." अण्णांनी टोपीवरचा पदर काढला आणि अलगद मोबाईलवर टाकला.

आतून आवाज आला, "बाबा, आता काहीच दिसत नाही."

"असू दे. बस जरा तसाच."

मी करंज्यांचा डबा धरून उभीच. पदराखालून नाक ओढल्यासारखं झालं. "बाबा, माझा चहा ठेवलाय का?"

"ठिवलाय की."

"शनिवारी येतो प्यायला. शटरचं मग बसून बोलू."

कॉल संपला. अण्णांनी पदराची घडी घातली, पण कपाला हात लावला न्हाय. चहा निवला, त्यावर साय धरली.

मी म्हटलं, "प्या की अण्णा. गिऱ्हाईक गेलं."

"गेलं न्हाय, आक्का," ते म्हणाले. "यायलंय."