एकसारखा माल

सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या आणि सुनेच्या पीसीओडीच्या होमिओपॅथी गोळ्या सासऱ्यांनी एकाच बरणीत ओतल्या होत्या. ही गोष्ट उघडकीस आली बारा दिवसांनी. तोवर दोघींचीही औषधं त्याच बरणीतून चालली होती.

"दोन्ही बाटल्या अर्ध्या होत्या. एकसारखा माल एका कप्प्यात," निवृत्त स्टोअरकीपर असलेले सासरे शांतपणे म्हणाले.

"अहो, वेगवेगळ्या गोळ्या होत्या त्या!"

"रंग एक, आकार एक, चवही एक. मी खाऊन पाहिल्या."

वजनमापं तपासण्याची नोकरी करणाऱ्या सुनेला या युक्तिवादात खोट सापडेना. तिची धास्ती निराळीच होती. तिची पाळी चार महिने बेपत्ता होती. स्त्रीरोगतज्ज्ञांचं नाव काढताच सासूबाईंनी अट घातली होती, "आधी तीन महिने गोड गोळ्या." ते तीन महिने आज भरत होते.

"आता पहिल्यापासून सुरुवात," सासूबाईंनी निकाल दिला. "नवी बाटली, नवे तीन महिने."

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी होमिओपॅथी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मिसळल्या? बिघडलं नाही काही," डॉक्टर म्हणाले. "औषध जितकं विरळ, तितकं जोरकस. दोघींनाही गुण जास्तच येईल."

फोन बंद झाला. सासूबाई विचारात पडल्या.

"जोरकस म्हणजे गं?"

"म्हणजे डॉक्टरांच्या मते माझं औषध तुम्हालाही जोरात लागू पडणार," सून म्हणाली. उत्तर नेमकंच द्यायचं, ही तिची कामाची सवय.

"आणि तुझं औषध कशाचं?"

"पाळी सुरू व्हायचं."

सासूबाईंचं वय चौसष्ट. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई! आता या वयात?"

"बंद झालेला माल पुन्हा येत नसतो," सासरे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

यात साखरेखेरीज काही नाही, असं सांगायला सुनेने तोंड उघडलं. मग सांगावं की सांगू नये, या संभ्रमात तिने ते मिटलं.

"बघत काय बसलीस? तुझी ती बायकांची डॉक्टर कुठे बसते? दोघींचा नंबर लाव. आधी माझा!"

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना मिनिटभरात निरोप दिला. सुनेला अर्धा तास तपासलं, सोनोग्राफी सांगितली, औषध लिहून दिलं. घरी परतल्यावर सासऱ्यांनी सुनेच्या नव्या गोळ्यांची पट्टी निरखून वेगळ्या कप्प्यात ठेवली.

सासूबाई तीन मजले न थांबता चढून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी बरणी उघडली.

"आई, आता कशाला?"

"बारा दिवसांत गुडघा दुखला नाही गं. तुझंच औषध मला मानवलेलं दिसतंय," त्यांनी चार गोळ्या जिभेवर टाकल्या. "तू मात्र आता या गोळ्यांना हात लावू नकोस. मला पुरायच्या नाहीत."