अकरा दुकानं, एक झडप

विमा ही जगातली एकमेव वस्तू अशी आहे, की ती विकत घेणारा 'ही वापरायची वेळ न येवो' अशी प्रार्थना करतो आणि विकणाराही नेमकी तीच प्रार्थना करतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याच धंद्यात होत नाही. (माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. आमचं शर्टावरच्या डागाबद्दलसुद्धा एकमत होत नाही.)

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या न्यू ग्रोडेनमध्ये पूर्वी जो तो आपापल्या नोकरांचा विमा वेगवेगळा काढायला जायचा. तीन माणसांचा विमा मागायला गेलं की कंपनीचा माणूस आपल्याकडे असा बघतो, जणू आपण पंगतीत बसून अर्धी पोळी मागितली. विस्कॉन्सिनचा माणूस अपमान गिळतो, पण तो एकट्यानं गिळायला त्याला आवडत नाही. म्हणून आम्ही अकरा दुकानदार एकत्र आलो आणि 'न्यू ग्रोडेन लघुव्यावसायिक परस्पर आरोग्य संघ' स्थापन केला. त्यात बेकरी होती, चीजवाले होते, मोटारींचे सायलेन्सर दुरुस्त करणारे होते, गुराढोरांचा दवाखाना होता आणि एकमेकांशी न बोलणारे दोन न्हावी होते. खजिनदारपद अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या प्लोट्झसाहेबांकडे एकमतानं गेलं. (हितसंबंधांचा प्रश्न उद्भवू नये म्हणून ते मतदानात भाग घेत नाहीत. सभेला मात्र कधी चुकत नाहीत.)

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी कंपनीनं कळवलं, की पुढचा दर हा गटानं मागच्या वर्षी किती खर्च करवला त्यावर ठरेल. म्हणजे एकाला मूळव्याध झाली की अकरा दुकानांना बसता येणार नाही. त्या दिवसापासून गावात जो बंधुभाव पसरला, तो मी चर्चमध्येही पाहिलेला नाही. प्रत्येकाला प्रत्येकाच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

बेकरीवाला लुंड सायलेन्सरवाल्या डेल्बर्टला दुसरा डोनट देईना.

"एक खाल्लास ना? बास झालं. तुझी साखर माझ्या हप्त्यात येते."

"मग एवढे तळतोस कुणासाठी रे?"

"बाहेरगावच्यांसाठी. ते मरेनात का, आपल्या गटात नाहीत."

तिसऱ्या वर्षाच्या अहवालानुसार सार्वजनिक ठिकाणच्या खोकल्यात ऐंशी टक्के घट झाली. (लोक गाडीत बसून, काचा वर करून खोकत.) पाठदुखीचं तर गावातून समूळ उच्चाटन झालं, ज्यांची पाठ दुखत होती ते 'जरा विचार करतोय' असं सांगून भिंतीला टेकून उभे राहत. कंपनीनं आम्हाला अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि दर फक्त सहा टक्क्यांनी वाढवला.

अशा सुदृढ वातावरणात एर्ला श्टुबेचं हृदय बिघडलं.

एर्ला माझ्या दुकानात इस्त्री आणि शिवणटिपण करते. वय एकसष्ट, जीभ पंचविशीतली. मागच्या शरद ऋतूत ती कपड्यांचं गाठोडं उचलून चार पावलं चालली की थांबायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही, विचार करतेय." मग एके दिवशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हृदयाची झडप बदलायची म्हणतात. लगेच. लांबवलं तर वसंत बघणार नाहीस, असं सांगितलंय डॉक्टरनं." मी अत्यंत हळहळलो, आणि केवळ माहितीसाठी तिला सांगितलं की गटाच्या विम्याचं नूतनीकरण एक जानेवारीला असतं, नवा दर तेव्हाच ठरतो.

संघाची तातडीची सभा शुक्रवारच्या नेहमीच्या तळलेल्या माशांच्या जेवणावर भरली. एर्लाला तिच्या हक्कापासून कुणीही रोखू नये, असा ठराव पहिल्याच पाच मिनिटांत टाळ्यांच्या गजरात झाला. उरलेले तीन तास, ती स्वतःहून कशी थांबेल यावर तिच्यादेखत चर्चा झाली.

जनावरांच्या डॉक्टर मार्लिसबाईंनी फुकटात दुसरं मत देऊ केलं. त्यांनी तिथंच एर्लाच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "घोडी असती तर..."

"घोडी असते तर गोळी घातली असतीस. ठाऊक आहे मला," एर्ला म्हणाली.

चीजवाल्यानं आठवण करून दिली, की पासष्ट पूर्ण झाली की सरकारी विमा लागू होतो. "चारच तर वर्षं राहिली, एर्ला. जरा कळ काढ." लुंडनं सुचवलं, की मी तिला सन्मानानं निवृत्त करावं, नोकरीत नाही म्हणजे गटात नाही, केक तो स्वतःकडून देईल. (क्रीमशिवायचा.) प्लोट्झसाहेब तटस्थ राहिले. तरीही निर्णय कुठल्याही बाजूनं लागला तरी आपल्याकडून सवलत मिळेल, असं त्यांनी हळव्या आवाजात सांगितलं.

शेवटी मांसाची सोडत ठरली. आमच्या भागात ज्याच्याकडे विमा नाही असा माणूस आजारी पडला, की गाव दारूच्या गुत्त्यात जमतं, तिकिटं घेतं, जिंकणाऱ्याला सॉसेज किंवा हॅम मिळतं आणि जमलेला पैसा रोग्याला जातो. विमा असलेल्या माणसाला त्याच्या विम्यापासून वाचवण्यासाठी सोडत काढण्याचा मान मात्र न्यू ग्रोडेनला प्रथमच मिळाला. लोकांनी हात सैल सोडला, दोन हजार आठशे डॉलर जमले. कित्येकांचे डोळे पाणावले. चौथ्या फेरीत हॅम एर्लालाच लागलं.

ती ते आणायला पुढे आली. वाटेत दोनदा थांबली. मग हॅम काखोटीला मारून तिनं माइक हातात घेतला.

"चार वर्षं हप्ता भरतेय मी. एक दिवस दवाखान्याची पायरी चढले नाही. आणि आता माझ्या हातात डुकराची तंगडी देताय? लाजा कशा वाटत नाहीत रे तुम्हाला? सोमवारी मी जाणार. मी जाऊ नये असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा. इथं. माझ्या तोंडावर."

एकही हात वर झाला नाही. डेल्बर्टचा हात बियरच्या ग्लासाकडे निघाला होता, तो त्यानं गैरसमज नको म्हणून टेबलावरच दाबून धरला. लाज वाटणं हे संघाच्या घटनेत कुठं बसत नाही, पण माझे कान चांगलेच तापले होते.

"आणि तू," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी नसताना कॉलरी जाळू नकोस."

सोमवारी तिला आत घेतलं. बिल झालं एक लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर. एक जानेवारीला दर एकतीस टक्क्यांनी वाढला. पाव महागला, हजामत महागली, सायलेन्सर तर कुणी बदलेना. सगळं गाव आठवडाभर ट्रॅक्टरसारखं फटफटत होतं.

पण मग एक चमत्कार झाला. दर वाढलाच आहे तर, असा विचार एकाच वेळी गटातल्या त्रेसष्ट जणांच्या मनात आला. डेल्बर्टनं साखर तपासली, ती मोजण्याच्या पलीकडे निघाली. लुंडचे दोन्ही गुडघे गेली दोन वर्षं केवळ निष्ठेवर उभे होते. दोन्ही न्हाव्यांना हर्निया निघाला, एकाच खोलीत खाटा मिळाल्या आणि नाइलाजानं ते बोलू लागले. मीही माझ्या पाठीवरची गाठ दाखवून आलो. (साधी निघाली, पण तपासणीचे सव्वीसशे डॉलर झाले, हे सांगताना आजही ऊर भरून येतो.) ताज्या पत्रानुसार पुढचा दर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढेल. गटात नवी, खर्चिक नसलेली माणसं आणलीत तरच काही करता येईल, असं कंपनी म्हणते.

म्हणून संघ नवे सभासद घेत आहे. वयाची अट नाही, धंद्याची अट नाही. फक्त माणूस आमच्यात रुळणारा हवा.

तुम्ही चालाल. मी मघापासून बघतोय. एक लाख चौऱ्याऐंशी हजार आले तेव्हा तुम्ही ते मनातल्या मनात रुपयांत करून पाहिलेत. एकतीस टक्क्यांना 'बाप रे' म्हणालात, चव्वेचाळीसला तर मान हलवलीत. एर्ला ऑपरेशनच्या टेबलावरून उठली की नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारलेलं नाहीत. (उठली. परवापासून कामावर येते.)

संघाला अशीच माणसं हवी आहेत. या, सही करा.