मफलर बंद कसा करतात?

सासऱ्यांचा मफलर आपण धुऊन टाकावा, असं मला एका रविवारी सकाळी वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलेली कामं मी इतक्या तत्परतेने करत नाही.)

सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आले होते. मफलर निळा, त्यांच्या फुटबॉल टीमच्या रंगाचा, आणि सासूबाईंच्या हातचा. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. सासरे त्या मफलरबद्दल कधी काही बोलत नसत; फक्त टीव्हीवर मॅच लागली की तो गळ्यात घालून बसत. उकाड्यातसुद्धा.

मी मशीनचं बटण गरम पाण्यावर फिरवलं. दीड तासाने मफलर स्वच्छ निघाला. जाड, कडक आणि लांबीला माझ्या टायपेक्षा थोडा कमी.

सासऱ्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. "असू दे," म्हणाले, "लोकरच ती. आटायचीच." मग त्याची घडी घातली (एकच पडली) आणि उशीखाली ठेवून दिला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तू नवा विणून देशील ना?" मी बायकोला विचारलं.

बायकोचा क्रोशात हात धरणारं कुणी नाही. पण मी आणि सासरे निळ्या टीमचे, ती पिवळ्या टीमची. वडिलांशी तिचा तेवढा एकच मतभेद, आणि तो तिने घरभर विणून ठेवलाय. सोफ्याच्या पाठीवर पिवळी जाळी, उशांवर कापडाचे तुकडे जोडून केलेला पिवळ्या टीमचा वाघ, आणि किटलीलासुद्धा पिवळी टोपी.

"आटवला तुम्ही," ती म्हणाली, "तुम्हीच निस्तरा."

"निस्तरतो. फायनलच्या दिवशी बाबांच्या गळ्यात नवा मफलर असेल. माझ्या हातचा!"

"तुम्हाला जमायचं नाही."

एवढं वाक्य तिने गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी लोकरीच्या दुकानात गेलो.

"निळी लोकर द्या."

"कुठली निळी?"

"निळी निळी."

दुकानदाराने काउंटरवर पंधरा निळे गुंडे मांडले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी बरोबर मधला उचलला. मधला मार्ग चुकत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणते. त्यांनी मला शिकवायचं कबूल केलं. क्रोशात साखळी असते, खांब असतो आणि मुका खांब असतो.

"मुका खांब म्हणजे?" मी विचारलं.

"त्यात काही नाही. उंची नसते, नुसता जागेवर बसतो."

घरी सवय असल्याने तो मला लगेच जमला. सुरुवातीच्या सात ओळी सिस्टरांनी स्वतः घालून दाखवल्या, आठवी माझ्याकडून करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या बाळंतपणाला परगावी निघून गेल्या. म्हणजे मला मफलर पुढे कसा न्यायचा हे आलं होतं. बंद कसा करायचा, हे राहिलं होतं.

(तसा मी सरकारी रेकॉर्ड विभागात आहे. आमच्याकडेही प्रकरण पुढे सरकवायला शिकवतात. बंद करायला कुणी शिकवत नाही. त्यामुळे सुरुवातीला मला यात काही वावगं वाटलं नाही.)

मी विणत राहिलो. सकाळी चहापूर्वी, दुपारी डब्यानंतर, संध्याकाळी टीव्हीसमोर. दहाव्या दिवशी मफलर गळ्याला पुरेसा झाला. मी सुई बाहेर काढली. शेवटचा टाका माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि त्याच्यामागे आणखी चार. मी घाईघाईने सुई परत घातली आणि विणायला लागलो. विणत होतो तोवर तरी ते सुरक्षित होतं.

व्हिडिओ पाहिला. त्यातल्या बाई शेवटच्या क्षणी अंगठा मध्ये आणत आणि हात हलवून निरोप घेत. सिस्टरांना फोन केला.

"अहो, सोप्पंय," त्या म्हणाल्या, "धागा घ्यायचा आणि—" तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं. बाळाने मला वाक्य पूर्ण ऐकू दिलं नाही.

ऑफिसात साहेब टेबलापाशी थांबले. "किती झालं?"

"प्रगतिपथावर आहे, साहेब."

"अडलंय कुठे?"

"कुठेच नाही. तेच अडलंय."

बायकोला विचारणं शक्य नव्हतं. ती समोर बसून पिवळी टोपी विणत असे आणि मधूनच माझ्याकडे बघे.

"बराच लांब झाला हो."

"डिझाइन आहे तसं."

"असं होय," ती म्हणायची आणि टाके मोजायला लागायची.

फायनलच्या सकाळी मफलर चार मीटर भरला. शेवटचा टाका मी सेफ्टी पिनेत अडकवला, आणि धागा कापला तर काय होईल याची खात्री नसल्याने उरलेला गुंडा तसाच ठेवला. सासऱ्यांच्या गळ्याला चार वेढे देऊन गुंडा त्यांच्या कोटाच्या खिशात सोडला.

"हा खिशात का?" त्यांनी विचारलं.

"राखीव आहे."

ते आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. मान फारशी वळत नव्हती, पण चेहरा खुलला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते मैदानावर निघाले होते. फायनल निळ्यांची आणि पिवळ्यांचीच असल्याने बायकोही नवी पिवळी टोपी घालून आमच्याबरोबर निघाली.

तिथे गेल्यावर कळलं, की माझा निळा आमच्या टीमचा नव्हता. तो स्वयंसेवकांच्या जाकिटांचा होता. तिघांनी सासऱ्यांना स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं. तिसऱ्याला त्यांनी बरोबर सांगितलं.

शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी गोल केला. सगळी गॅलरी उसळली. सासरे गुडघा विसरून उठले, पिन उघडली, आणि गुंडा खिशातून पडून पायऱ्या उतरत गेला. त्याच वेळी आमच्या ओळीतला एक ढोलवाला वाजवत, नाचत खाली निघाला. धागा त्याच्या बुटाला गुंडाळला गेला.

आवाज आला नाही. नुसता सर्रकन मफलर कमी व्हायला लागला. मी ढोलवाल्यामागे धावलो. "थांबा! थांबा हो!" त्याला वाटलं, मी म्हणतोय वाजवा. तो आणखी जोरात वाजवत अर्धी गॅलरी फिरला. सासरे जागच्या जागी उभे होते. चौथा वेढा गेला, तिसरा गेला. मी परत आलो तेव्हा पहिलाही जात होता.

बायकोने हात पुढे करून सुटता टाका बोटात पकडला. धागा दाताने तोडला, त्याचं टोक टाक्यातून आत घातलं आणि ओढलं. "झालं."

"एवढंच?"

"एवढंच. तीन आठवडे वाट बघत होते मी, कधी विचाराल म्हणून."

तळहाताएवढा तुकडा उरला होता. ती तो निरखून बघत म्हणाली, "हे टाके मात्र सुरेख आलेत हं." त्या सिस्टरांच्या सात ओळी होत्या. मी मुका खांब झालो.

सासऱ्यांनी तुकडा घेतला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"तुमच्या सासूबाईंचा पहिला मफलरही एवढासाच झाला होता," ते म्हणाले, "मनगटाला बांधावा लागला होता मला. पूर्ण सीझन बांधला." आणि त्यांनी हात पुढे केला. बायकोने तो तुकडा त्यांच्या मनगटावर पिनेने लावून दिला.  मग आपली पिवळी टोपी काढून तिने माझ्या डोक्यावर घातली. "ऊन आहे. जा, लोकर गोळा करा. लोकांचे पाय अडकतील."

मी खुर्च्यांखालून रांगत चार मीटर मफलरची लोकर गोळा करत होतो. वर माझीच टीम जिंकल्याचा जल्लोष चालला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर माझा फोटो आला. अर्ध्या पानाचा. मी गुडघ्यांवर, डोक्यावर पिवळी टोपी, तोंड वेडंवाकडं. खाली लिहिलं होतं : 'पराभव जिव्हारी लागलेला पिवळ्या संघाचा चाहता.'

सासऱ्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "त्यांच्याकडचे आहात हे आधीच सांगायचंत. मी समजून घेतलं असतं."